मानसशास्त्राच्या मुलांना दुसऱ्या वर्षातच खरे सांगा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य, मानसशास्त्र विभागप्रमुख आणि करिअर कट्ट्याचे समन्वयक यांस

विषय : मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगितल्या जाणाऱ्या ‘करिअरच्या संधी’ आणि ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंगचे) १२० तास

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी प्रवेशाच्या सुमारास माहितीपत्रके छापली जातात. मानसशास्त्राच्या पानावर ‘पुढील संधी’ या मथळ्याखाली तीच यादी असते : क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, एचआर मॅनेजर, क्रीडा मानसशास्त्रज्ञ, गुन्हे मानसशास्त्रज्ञ, प्राध्यापक. यादी खोटी नाही. पण यातल्या एकाही नावापर्यंत नुसत्या बी.ए.ने सरळ पोचता येत नाही आणि निम्म्या नावांपर्यंत नुसत्या एम.ए.नेही नाही, हे त्या पानावर कुठेच नसते. मुलांना ते कळते एम.ए.चा निकाल लागल्यावर, जाहिरातीतली पात्रतेची ओळ वाचताना. तोवर पाच वर्षे गेलेली असतात आणि गडहिंग्लज-चंदगडकडून येऊन शहरात खोली करून राहिलेल्या मुलीच्या घरी लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

आम्ही रुग्णालय, शाळा, बालगृह, कारखाना आणि वर्ग अशा वेगवेगळ्या ठिकाणी मानसशास्त्राचे काम करणारी माणसे आहोत. आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. कोणत्या कामाला कोणती पदवी, कोणती नोंदणी आणि किती सराव लागतो याचा एक कागद बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांच्या हातात द्या. आणि एम.ए.च्या ओजेटीचे तास खरे भरून घ्या. दोन्ही गोष्टी तुमच्या अधिकारातल्या आहेत. विद्यापीठाकडे किंवा मंत्रालयात जायची गरज नाही.

सगळ्यांत जास्त विचारल्या जाणाऱ्या वाटेपासून सुरुवात करू. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागते. परिषदेचा कायदा १९९२चा. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे त्याचे तेरावे कलम सांगते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआयमान्य प्रशिक्षणाशीच बांधलेली आहे. त्यामुळे ‘एम.ए. क्लिनिकल कुठे मिळेल?’ हा प्रश्न अपुरा आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षासाठी, त्या संस्थेतल्या त्याच अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का, हे विचारायला हवे. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमाला मिळते, ठराविक वर्षांसाठी आणि ठराविक जागांसाठी. मागच्या तुकडीला होती म्हणजे पुढच्या तुकडीला असेलच असे नाही. ‘एम.ए. (क्लिनिकल सायकॉलॉजी)’ या नावाच्या पदव्या देशभर पुष्कळ विद्यापीठे देतात आणि त्यांतल्या अनेक पदव्यांना ही मान्यता नसते. विद्यापीठ खरे, पदवी खरी, गुणपत्रिका खरी, आणि नोंदणी मात्र होत नाही. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी राज्यवार असते. ती उघडून दाखवायला एक तास पुरतो, पण तो तास प्रवेशाचे पैसे भरण्याआधीचा हवा.

याच वाटेवर सध्या आणखी एक घोळ आहे. आजवरचा रूढ मार्ग म्हणजे एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०), मग प्रवेश परीक्षा, मग रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एम.फिल. ही पदवीच बंद केली, तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना तेवढी २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत मुभा दिली. पुढच्या रचनेत आरसीआयने चार वर्षांचा बी.एस्सी. (ऑनर्स) क्लिनिकल सायकॉलॉजी, एम.ए. आणि साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) असे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणजे आज बी.ए.च्या वर्गात बसलेल्या मुलांना ‘एम.ए. करा, मग एम.फिल.ला बसा’ हा दहा वर्षांपूर्वीचा सल्ला देणे चूक आहे. प्रवेशाची पात्रता त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचूनच सांगावी. सर-मॅडमच्या आठवणीवर हे सोपवू नये. नोंदणी झाली म्हणजेही कायमचे मिटले असे होत नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते आणि त्यासाठी कार्यशाळा-परिषदांचे गुण साठवावे लागतात.

मग क्लिनिकल नसलेल्या समुपदेशकाचे काय? आजवर या क्षेत्रात मोकळे रान होते. आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सवर ‘काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लागत असे. २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने हे चित्र बदलायला घेतले आहे. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्राचा गट आहे आणि त्यात मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते ही मंडळी येतात (आरसीआयकडे असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून). या कायद्यात ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचे पदवीशिक्षण लागते. आमचा अंदाज सरळ आहे : ज्यांच्याकडे प्रशिक्षणाच्या तासांचे सहीशिक्क्याचे कागद आहेत त्यांना नोंदणीच्या वेळी त्रास कमी होईल. ज्यांच्याकडे फक्त गुणपत्रिका आहे, ते फेऱ्या मारतील.

याच कायद्याच्या आधारे यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. आपल्या भागाला याचा फटका मोठा आहे. नोकरी करत, पोरेबाळे सांभाळत दूरस्थ एम.ए. करणाऱ्या शिक्षिका, आशा सेविका, संस्थांमधले कार्यकर्ते यांची वाट बंद झाली आहे. तरीही कुणी एजंट ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, फक्त परीक्षेला या’ म्हणत येत असेल, तर मुलांना त्याच्यापासून आधीच सावध करा. आपल्यापैकी ज्या महाविद्यालयांना सकाळचे वर्ग चालवणे शक्य आहे, त्यांनी या रिकाम्या झालेल्या जागेचा विचार जरूर करावा.

सरकारी आरोग्ययंत्रणेत मानसशास्त्राच्या मुलांना घेणाऱ्या जागा बऱ्याच आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत आणि त्यांची नावे मुलांना ठाऊक नसतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतो. तिथे आरसीआयचीच अट येते. लहान मुलांच्या विकासातले अडथळे लवकर ओळखण्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. त्यांच्या पथकात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचातज्ज्ञ यांच्याबरोबर मानसशास्त्रज्ञाचे पद आहे. एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रे, किशोरवयीनांसाठीची आरोग्यकेंद्रे, तंबाखू नियंत्रण कक्ष इथे समुपदेशक लागतात. १४४१६ या क्रमांकाची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. तिथे पाळ्यांमध्ये फोनवर बसणारे समुपदेशक लागतात. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. आंबा घाट उतरून रत्नागिरी हे आपल्याला जवळचे.

या बहुतेक जागा कंत्राटी असतात. करार अकरा महिन्यांचा, वर्षाअखेरीला खंड, मग पुन्हा आदेश. जाहिरात जिल्हा परिषदेच्या किंवा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या संकेतस्थळावर लागते आणि अर्जाला मुदत बहुधा आठ-पंधरा दिवसांचीच असते. इथे मुलांचे अर्ज बाद होतात ते ज्ञान कमी म्हणून नव्हे. अनुभवाच्या दाखल्यावर तारखा नसतात, एमएस-सीआयटी जोडलेले नसते, जातवैधता नसते, किंवा पदवी प्रमाणपत्राच्या जागी शेवटच्या वर्षाची गुणपत्रिकाच लावलेली असते. दुसरी गोष्ट पात्रतेच्या ओळीची. समुपदेशकाच्या कित्येक पदांना ‘एम.एस.डब्ल्यू.’ ही अट असते. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकासाठी बहुधा समाजकार्याचीच पदव्युत्तर पदवी मागतात. ज्या मुलीला कुटुंब, स्त्रिया, मुले, वस्ती यांच्यातच काम करायचे आहे, तिला एम.ए. मानसशास्त्रापेक्षा बी.ए. मानसशास्त्रावर एम.एस.डब्ल्यू. जास्त दारे उघडून देते. हा सल्ला मानसशास्त्र विभागाने देणे म्हणजे आपलीच पटसंख्या कमी करणे, हे आम्हाला कळते. तरी तो द्यायला हवा. कोल्हापुरातल्या सायबर या संस्थेत समाजकार्याचा विभाग कित्येक वर्षे आहे, म्हणजे गावही सोडावे लागत नाही.

बालन्याय यंत्रणेतले काम याला लागूनच येते. २०१५च्या कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत यांचे प्राथमिक मूल्यांकन बाल न्याय मंडळाला करावे लागते. त्यासाठी मंडळ मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ शकते. हे काम जबाबदारीचे आहे. तो अहवाल मुलाचा खटला प्रौढांसारखा चालणार का, हे ठरवताना वाचला जातो. मुलाने गुन्हा केला की नाही याचा शोध घेणे हे त्या अहवालाचे काम नाही, आणि नवखे नेमके तिथेच घसरतात. एम.ए.च्या दोन वर्षांत अशा अहवालाचा एक नमुनाही वाचलेला नसेल, तर पदवीधर मंडळासमोर काय ठेवणार? ‘गुन्हे मानसशास्त्र’ म्हणून मालिका बघून येणाऱ्या मुलांना हेच काम दाखवा. आपल्या जिल्ह्यात गुन्ह्याशी आणि मनाशी एकाच वेळी भिडणारे खरे काम इथे आहे.

शाळा-महाविद्यालयांतल्या मागणीला २०२५ साली मोठा जोर मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असे म्हटले आहे. खासगी क्लासेस, अकादम्या आणि वसतिगृहेही त्यात येतात. कोल्हापुरात नीट-जेईईच्या क्लासेसची आणि भरतीपूर्व अकादम्यांची संख्या बघा, म्हणजे किती जागा निघू शकतात याचा अंदाज येईल. गंमत अशी की ही अट तुमच्या महाविद्यालयालाही लागू आहे. तेव्हा पहिली जागा आपल्याच आवारात काढा.

शाळेतल्या समुपदेशकाचे गाडे कुठे अडते ते सांगतो. नेमणूकपत्रात काम लिहिलेले नसते, म्हणून गैरहजर शिक्षकाच्या तासावर तिला पाठवतात. खोली नसते, स्टाफरूमच्या कोपऱ्यात टेबल मिळते आणि तिथे कुठलेही मूल तोंड उघडत नाही. मुख्याध्यापक विचारतात, ‘काय म्हणाला तो?’ आणि तिला सांगावे की नाही ते कळत नाही. म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर मागाव्यात : दार लागणारी खोली, कुलपाचे कपाट, आठवड्याचे समुपदेशनाचे तास, आणि कोणती माहिती कुणाला सांगायची याचा लेखी नियम. त्या नियमाला एक अपवाद कायद्याने घातला आहे. पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मुलीने कुणाला सांगू नका म्हटले होते’ हा बचाव तिथे चालत नाही. हे मुलीला संभाषणाच्या सुरुवातीलाच समजेल अशा शब्दांत सांगायचे असते, आणि ते सांगण्याचा सराव वर्गात जोड्या करून घ्यावा लागतो. नुसते वाचून ते येत नाही.

आता प्रात्यक्षिकांकडे वळतो. इथे आमचे म्हणणे थोडे तिखट आहे. बी.ए.च्या जर्नलमध्ये मुलर-लायर भ्रम, आरशातले रेखाटन, स्मृतीचे प्रयोग वर्षानुवर्षे तेच आहेत. प्रयोगपद्धती कळायला ते ठीक आहेत. पण कामाच्या ठिकाणी मागतात ते मूल्यांकन आणि अहवाल. मुलाची बुद्धिमापन चाचणी घेऊन दोन पानी अहवाल लिहिता येणारी एम.ए.ची मुलगी आमच्यापैकी कुणालाही सहज सापडत नाही.

बिने-कामत चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली, म्हणून आपल्याकडे अजून वापरतात. मॅलिनची मुलांची चाचणी नागपूरची, १९६९ची. दोन्हींची मानके, म्हणजे गुणांची तुलना ज्या सरासरीशी होते ती, जुनी आहेत. दर पिढीत चाचण्यांवरची सरासरी कामगिरी वाढत आलेली आहे. त्यामुळे जुन्या मानकांशी तुलना केली की आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगून येतो. बौद्धिक अक्षमतेच्या सीमारेषेवरच्या मुलाच्या बाबतीत हा फुगवटा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळणे-न मिळणे यातला फरक ठरतो. चाचणी कोणती आणि कोणत्या आवृत्तीची, हे अहवालात लिहिण्याचे कारण हेच. उलटी चूकही तितकीच होते. शिरोळ किंवा राधानगरीच्या खेड्यातल्या मुलाला इंग्रजी शब्दसंग्रहाची चाचणी दिली की त्याचा बुद्ध्यांक खाली येतो. तिथे इंग्रजी मोजले जाते, बुद्धी नाही. अशा वेळी भाटियाच्या कृती चाचण्यांसारखी शब्दांवर न बेतलेली साधने जोडीला घ्यावी लागतात.

घोटाळ्याच्या आणखी काही ठरलेल्या जागा आहेत. उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून आकृत्या पुसट होतात आणि मूल रेषा दिसत नाही म्हणून चुकते. ठोकळ्यांच्या चाचणीत एक ठोकळा हरवलेला असतो आणि त्या जागी कुणीतरी घरचा ठेवलेला असतो. वेळ मोबाइलवर लावतात आणि मध्येच फोन येतो. एकाच बैठकीत तीन चाचण्या उरकतात. शेवटच्या चाचणीला थकलेल्या मुलाचे गुण घसरतात आणि अहवालात ते ‘कमी स्मरणशक्ती’ म्हणून उतरतात. अहवालात मुलाला कशासाठी आणले, माहिती कुणी दिली, चाचणीच्या वेळी मूल कसे वागले, गुण, त्या गुणांच्या मर्यादा आणि शाळेने-पालकांनी करायच्या चार-पाच गोष्टी, एवढे असले की पुरे. ‘मुलाकडे लक्ष द्यावे’ ही शिफारस नव्हे. ‘पहिल्या बाकावर बसवावे, उत्तरासाठी दीडपट वेळ द्यावा, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्यावा’ ही शिफारस. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आतल्या मुलाला देत नाहीत आणि ते देण्याचा अधिकार सरकारने ठरवलेल्या वैद्यकीय यंत्रणेलाच आहे, हेही एम.ए.च्या मुलांना माहीत असायला हवे. नाहीतर पालकांना भलताच शब्द देऊन बसतात.

आणि एका धंद्यापासून मुलांना दूर ठेवा. बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘जन्मजात बुद्धिमत्ता’ सांगणाऱ्या डीएमआयटी नावाच्या चाचणीच्या फ्रँचायझी मानसशास्त्राच्या पदवीधरांना गळ घालतात, कारण अहवालावर कुणाची तरी पदवी लागते. तिला शास्त्रीय आधार नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसे जाहीर सांगितले आहे. दहावीच्या निकालानंतरच्या दोन महिन्यांत हजारो रुपये घेऊन हे चालते. ज्याने एकदा त्या अहवालावर सही केली, त्याच्या पुढच्या खऱ्या अहवालावर बालरोगतज्ज्ञ विश्वास ठेवत नाही.

नोकऱ्यांच्या संख्येने बघितले तर आपल्या भागातले मोठे क्षेत्र एचआरचे आहे, आणि त्याच्याकडेच मानसशास्त्र विभाग सगळ्यांत कमी बघतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, इचलकरंजीची वस्त्रोद्योगाची युनिटे, साखर कारखाने, दूध संघ. इथे एचआर म्हणजे व्यक्तिमत्त्व चाचण्या आणि प्रेरणेचे सिद्धान्त अशी मुलांची समजूत असते. फाउंड्रीत पहिले वर्ष जाते हजेरीपट, ओव्हरटाइम, कंत्राटी कामगारांचे कागद, पीएफ-ईएसआय, अपघाताची नोंद आणि कँटीनच्या तक्रारी यांत. मुलाखतीत विचारतात ते असे : मूळ पगार चौदा हजार आणि एकूण पगार अठरा हजार, कपात सांगा. बारा टक्क्यांनी पीएफ १,६८० रुपये. ईएसआय कामगाराचा पाऊण टक्का म्हणजे १३५ आणि मालकाचा सव्वातीन टक्के म्हणजे ५८५. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे. एवढा हिशेब एक्सेलवर करता आला, तर कला शाखेचा मुलगा वाणिज्यच्या मुलाच्या बरोबरीने टेबलापर्यंत पोचतो. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि पगाराची व्याख्याच बदलली आहे. जुन्या नोट्सवर शिकलेला उमेदवार मुलाखतीत लगेच उघडा पडतो. कामगार कल्याण अधिकारी या पदाला वेगळी पात्रता लागते; तिथे कामगार कायद्यांचा पदविका अभ्यासक्रम किंवा एम.एस.डब्ल्यू. विचारतात. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला शनिवारचे आठ तास काढून पगारपत्रक, हजेरीपट आणि कार्यस्थळी लैंगिक छळ प्रतिबंध कायदा एवढे जरी शिकवलेत तरी फरक पडेल. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी या कायद्याने अंतर्गत समिती लागते आणि तिच्या प्रशिक्षणाला बोलणारी माणसे कमी आहेत.

मानसशास्त्र कारखान्यात उपयोगी पडते ते नंतर. रात्रपाळीच्या शेवटच्या तासांत अपघात का वाढतात, गावच्या जत्रेच्या आठवड्यात गैरहजेरी कशी सांभाळायची, सुपरवायझरला माणसाशी बोलायला कसे शिकवायचे, हे प्रश्न तिथे रोजचे आहेत. मालकाला त्याची किंमत कळते, पण आधी मस्टर बरोबर यावे लागते.

क्रीडा मानसशास्त्राबद्दल कोल्हापुरात न बोलणे शक्य नाही. तालमी, पेठांचे फुटबॉल संघ आणि नेमबाजी, तिन्ही इथे घरचे आहेत. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये २०२४ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतले, तेव्हापासून ही विचारणा वाढली आहे. गुडघा टेकून, झोपून आणि उभे राहून गोळ्या मारायच्या या प्रकारात प्रत्येक नेमाआधीची ठरलेली क्रिया, श्वास, दोन नेमांमधला वेळ यांवर काम करता येते. कुस्तीत वजन उतरवण्याच्या दिवसांतल्या चिडचिडीवर. पण या नावाची पक्की नोकरी जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. अकादमीशी महिन्याच्या मानधनावर बोलणी करावी लागतात आणि प्रशिक्षकाचा विश्वास मिळेपर्यंत मैदानावर नुसते उभे राहावे लागते. वेगळे शिक्षण हवे असेल तर मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात क्रीडा मानसशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. एरवी एम.ए. करत खेळाडूंबरोबर तास भरणे हाच मार्ग.

अध्यापनाचे थोडक्यात. वरिष्ठ महाविद्यालयाला एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, आणि त्यानंतरही बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्व. कनिष्ठ महाविद्यालयाला एम.ए., बी.एड., शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आणि तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून महिना २०,००० मानधन. नेटला जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आहेत, म्हणून हुशार मुलांनी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच तयारी धरावी. स्पर्धा परीक्षांबद्दल एवढेच, की राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि मानसशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येते. पाचशे गुणांचा तो विषय आहे. मात्र अभ्यासिकेत चार वर्षे बसणे याला ‘करिअरची संधी’ म्हणून माहितीपत्रकात छापू नये.

आता ओजेटी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या पहिल्या वर्षात चार श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग आले, म्हणजे साधारण १२० तास. ही तुमच्या हातातली सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे आणि सगळ्यांत जास्त वाया जाणारीही. होते काय, तर चाळीस मुले एकाच संस्थेत पाठवली जातात. संस्था चाळीस जणांना काम देऊ शकत नाही, मग फोटो काढून प्रमाणपत्र देते. किंवा मुलीला रिसेप्शनवर नावनोंदणीला बसवतात. किंवा उलट, पहिल्याच आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रातल्या माणसासमोर एकटीला बसवून ‘काउन्सेलिंग कर’ म्हणतात, आणि त्याने मरणाची गोष्ट काढली की तिला पुढे काय विचारायचे ते सुचत नाही.

आमची विभागणी अशी. २४ तास नुसते निरीक्षण, अनुभवी माणसाच्या शेजारी बसून. ३० तास व्यक्तिवृत्त (केस हिस्ट्री) घेण्याचे, म्हणजे दहा व्यक्ती आणि लिहिण्यासकट प्रत्येकी तीन तास. २४ तास चाचण्यांचे : सहा चाचण्या, घेणे, तपासणे आणि अहवाल धरून प्रत्येकी चार तास. १६ तास शाळेत, वस्तीत किंवा कारखान्यात गटसत्रांचे. १६ तास पर्यवेक्षणाचे, ज्यात पर्यवेक्षक विद्यार्थ्याचे काम ऐकतो आणि दुरुस्त करतो. १० तास अंतिम अहवालाचे. एका पर्यवेक्षकाकडे सहापेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. सोळा तास सहा जणांना देणेच त्याला जड जाते. तो महाविद्यालयाबाहेरचा असेल तर त्याला मानधन द्या. फुकटच्या पर्यवेक्षणात सही मिळते, शिकवणे मिळत नाही.

नोंदवहीत दर दिवसाची तारीख, वेळ कुठून कुठपर्यंत, कामाचा प्रकार, व्यक्तीचा सांकेतिक क्रमांक, दोन ओळी काय केले, आणि त्याच आठवड्यात पर्यवेक्षकाची सही. व्यक्तीचे नाव, गाव, फोटो काहीही नाही. बालगृहातल्या मुलांसोबतचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवणे हा बालन्याय कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, हे पहिल्या दिवशी सांगून विद्यार्थ्याची सही घ्या. पन्नास वर्गमित्रांच्या शहरात ‘एक मुलगी, वय १९, अमुक कॉलेज’ एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. म्हणून चर्चासत्रात तपशील बदलून मांडायची सवय लावा. सगळ्या सह्या शेवटच्या दिवशी एकाच शाईत झालेली वही कुठल्याही मुलाखतीत लगेच ओळखू येते.

जागा एकट्या महाविद्यालयाने शोधण्यापेक्षा तीन-चार विभागांनी मिळून एक यादी केली तर सोपे पडेल : सीपीआर रुग्णालय आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकृतिशास्त्र विभाग, व्यसनमुक्ती केंद्रे, विशेष शाळा, बालगृहे, दोन-तीन मोठ्या कंपन्यांचे एचआर विभाग, आणि तुमच्याच शिक्षण संस्थांच्या शाळा. प्रत्येक ठिकाणी एका वेळी तीन-चारच मुले. ओजेटी दुसऱ्या सत्रात येते, तेव्हा करार दिवाळीच्या सुट्टीआधी झालेले असावेत. जानेवारीत फोन लावायला घेतले की मिळेल ती जागा घ्यावी लागते.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना द्यायच्या कागदाला एक पान पुरे. डाव्या बाजूला कामाचे नाव, मग किमान पदवी, नोंदणी लागते का आणि कुणाची, जाहिरात कुठे लागते, नोकरी कायम की कंत्राटी, आणि शेवटी आपल्या महाविद्यालयातून तिथे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची संख्या. ती शून्य असेल तर शून्य लिहा. कागदाच्या खाली तो कोणत्या महिन्यात तपासला ते छापा आणि दर जूनमध्ये आरसीआय, यूजीसी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग यांची परिपत्रके बघून बदला. हे काम विभागातल्या एका शिक्षकाकडे नावानिशी सोपवा. ‘सर्वांनी मिळून’ म्हटले की कुणीच करत नाही.

या कागदाचा मसुदा आणि १२० तासांच्या नोंदवहीचा नमुना आम्ही करून ठेवला आहे. ज्या विभागाला हवा असेल त्याला विनामूल्य देऊ, आणि तुमचा स्वतःचा मसुदा असेल तर त्यावर दुरुस्त्या लिहून परत पाठवू.

आपले,
मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करणारे काही जण
कोल्हापूर